कोरड्या हवेत कॉम्बिनेशन स्किनचं फेशियल: नाक तेलकट, गाल सोलतात. क्रम कसा बदलू?

प्रश्न
वऱ्हाड_ब्युटी (अकोला)

पार्लरमध्ये मार्चपासून मेअखेरपर्यंत कॉम्बिनेशन स्किनच्या क्लायंटची एकच तक्रार येते. फेशियलनंतर दोन दिवस चेहरा छान दिसतो. तिसऱ्या दिवसापासून गाल आणि ओठांच्या कडा सोलायला लागतात, त्वचा ताणल्यासारखी वाटते. नाक-कपाळ मात्र दुपारपर्यंत पुन्हा तेलकट. सध्याचा क्रम असा: फेसाळ क्लिन्झर, दाणेदार स्क्रब ५ मिनिटं, स्टीम १० मिनिटं, ब्लॅकहेड्स, क्रीमने २० मिनिटं मसाज, पूर्ण चेहऱ्याला मुलतानी मातीचा पॅक २० मिनिटं, शेवटी टोनर. खोलीत एसी आहे, पाणी बोअरचं. पावसाळ्यात हाच क्रम व्यवस्थित चालतो. मग नेमकं काय बदलायचं? की प्रॉडक्टचा ब्रँडच बदलू?

उत्तर
त्वचासेवा_नागपूर

ताई, ब्रँड राहू द्या, क्रम बदला. पावसाळ्यात तोच क्रम चालतो यातच कारण दिसतं. हवेत ओलावा असला की त्वचेतून पाणी सावकाश उडतं आणि फेशियलमध्ये निघून गेलेली तेलं भरून यायला वेळ मिळतो. एप्रिल-मेच्या विदर्भात दुपारची हवा इतकी कोरडी असते की तो वेळच मिळत नाही. गालांवर तेलग्रंथी मुळातच कमी, म्हणून तिथे आधी सोलतं. नाक-कपाळावर ग्रंथी दाट. वरचं तेल पुसलं तरी आतून येत राहतं. आणि एक गोष्ट क्लायंटलाही सांगा: तेलकट दिसणाऱ्या कपाळातही पाणी कमी असू शकतं.

तुमच्या क्रमात गालांवरची तेलं चार वेळा निघतात: फेस, दाणे, वाफ, माती. वर टोनर अल्कोहोलचा असेल तर पाचव्यांदा. एकाच चेहऱ्यावर दोन फेशियल चालू आहेत असं समजून काम करा.

सुरुवातीला विचारा की घरी साधं मॉइश्चरायझर लावलं तर चुरचुरतं का. हो म्हणाली तर त्या दिवशी स्क्रब, ॲसिड, स्टीम सगळं बंद. फक्त दुधी क्लिन्झर, ओला मास्क आणि क्रीम. नाही म्हणाली तर पुढचा क्रम.

क्लिन्झर फेस न येणारा, दुधी किंवा जेल, एक मिनिट. स्क्रबचे दाणे कोरड्या ऋतूत पूर्ण बंद ठेवा. त्याऐवजी टी-झोनवर (कपाळ, नाक, हनुवटी) २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड ३ ते ५ मिनिटं. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा क्लायंट गरोदर असेल तर लावू नका. गालांवर पपईच्या एन्झाइमचा पॅक ३ मिनिटं, वरून ओला गॉझ ठेवून. सुकला की खाज आणि लाली येते. रबराच्या ग्लोव्हजची ॲलर्जी असणाऱ्यांना पपईचा एन्झाइमही बाधू शकतो, हे आधी विचारून घ्या. गाल आधीच सोलत असतील तर एन्झाइमसुद्धा नको.

स्टीम १० मिनिटं फार झाली. ४ मिनिटं, तोंड साधारण ४० सेंटिमीटर लांब, गालांवर पाण्यात पिळलेला कापूस. ब्लॅकहेड्ससाठी एकूण १० मिनिटांच्या वर जाऊ नका. नाकावरचे सगळे करडे ठिपके ब्लॅकहेड्स नसतात. बरेचसे तेलग्रंथींचे नैसर्गिक धागे असतात, ते काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. त्यांच्यासाठी दाबत बसलं की नाकाच्या कडेला बारीक रक्तवाहिन्या कायमच्या दिसायला लागतात.

मसाज गाल आणि मानेवर १० ते १२ मिनिटं, दीड चमचा क्रीम. कोरड्या खोलीत क्रीम लवकर जिरतं आणि हात ओढायला लागतो. तेव्हा आणखी क्रीम न घेता बोटं पाण्यात बुडवा. टी-झोनवर हलकं जेल, दोन-तीन मिनिटं, पुरे. गालांच्या क्रीममध्ये लिक्विड पॅराफिन असलं तरी घाबरू नका. कोरड्या हवेत पाणी अडवायला ते चांगलं काम करतं.

पॅक दोन. टी-झोनला दोन चमचे मुलतानी माती, अर्धा चमचा ग्लिसरीन, लागेल तेवढं गुलाबपाणी, ७-८ मिनिटं. माती ओलसर असतानाच काढायची, भेगा पडेपर्यंत ठेवली की तीच त्वचेतलं पाणी ओढते. गालांना कोरफडीचं जेल किंवा शीट मास्क १२ मिनिटं, शीट सुकायच्या आत काढा. पॅक लावून पंखा चेहऱ्यावर सोडायची सवय मोडा.

शेवट सगळ्यात महत्त्वाचा आणि तिथेच घाई होते. चेहरा कोरडा पुसू नका. ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिकचं सीरम (दोन्ही पाणी धरून ठेवतात), लगेच वर गालांवर सिरॅमाइडचं (त्वचेतल्या स्निग्ध थराच्या घटकाचं) क्रीम, टी-झोनवर वाटाण्याएवढं जेल, मग एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. नुसतं सीरम लावून सोडलं तर अशा हवेत त्यातलं पाणी उडतं आणि ताण वाढतो.

उत्तर
मशीन_शिक्षक (अमरावती)

वरच्या क्रमाला धरून खोली, पाणी आणि मशीनचं सांगतो.

एसी हवेतला ओलावा काढतो, कूलर घालतो. मे महिन्यात अकोल्यात ट्रीटमेंट रूमला कूलर जास्त सोयीचा; झोत बेडवर येऊ देऊ नका आणि टाकीतलं पाणी नियमित बदला. एसीच ठेवायचा असेल तर ह्युमिडिफायर जोडा. भिंतीवर आर्द्रता मोजणारा साधा डिजिटल हायग्रोमीटर लावा, ४० ते ५० टक्के आर्द्रता मिळाली तर काम नीट होतं.

बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा थर करतं, तो गालांवर राहून चुरचुरतो. निदान शेवटचे दोन हात आरओच्या पाण्याचे, एका क्लायंटला दीड लिटर पुरतं.

अल्ट्रासोनिक स्पॅच्युला (कंप पावणारी धातूची पट्टी) फक्त टी-झोनवर, त्वचा सतत ओली ठेवून, जास्तीत जास्त ५ मिनिटं. कोरड्या कातडीवर फिरवला की चटका बसतो. हाय फ्रीक्वेन्सी मशीन (काचेच्या कांडीतून सौम्य ठिणग्या देणारं) ब्लॅकहेड्स काढल्यावर तिथेच २-३ मिनिटं, आणि त्याआधी चेहऱ्यावर अल्कोहोलचं काही लावलेलं नको, ठिणगीने पेट घेऊ शकतं. पेसमेकर असलेल्या किंवा गरोदर क्लायंटवर हाय फ्रीक्वेन्सी आणि गॅल्व्हॅनिक (सौम्य वीजप्रवाहाचं मशीन) दोन्ही वापरू नका.

उत्तर
त्वचारोग_ओपीडी

सोलणं दिसलं की ते कोरडेपणाच असं धरू नका. नाकपुड्यांच्या घडीत, भुवयांत, केसांच्या रेषेवर पिवळसर, चिकट खवले आणि खाज असेल तर तो बहुधा सेबोरिक डर्मटायटिस. त्यात मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्वचेवरच्या तेलावर जगते. अशा जागी ऑलिव्ह किंवा खोबरेल तेलाचा मसाज केला तर खवले वाढतात. तिला डॉक्टरकडे पाठवा, बुरशीरोधक क्रीमने हे आटोक्यात येतं.

दुसरी गोष्ट फार काळजीची. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरेपणाची' क्रीम वापरणाऱ्या बऱ्याच जणी असतात. त्यांतल्या काहींत मोमेटासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं, सोबत हायड्रोक्विनोन (रंग फिकट करणारं) आणि ट्रेटिनोइन (व्हिटॅमिन ए गटातलं औषध). गाल लालसर, पातळ, बारीक रक्तवाहिन्या दिसणारे, गालांवर लव वाढलेली, उन्हात आग होणारे असतील तर ट्यूबचं नाव विचारा. या त्वचेवर स्टीम, ॲसिड, ब्लीच काहीही करू नका, आणि क्रीम एकदम बंद करायलाही सांगू नका. बंद केल्यावर चेहरा भडकतो, ते डॉक्टरच्या देखरेखीतच व्हावं.

मुरमांसाठी ॲडापलीन किंवा ट्रेटिनोइन लावणाऱ्यांना फेशियलच्या किमान ५ दिवस आधी ते थांबवायला सांगा. आयसोट्रेटिनोइनच्या (मुरमांवरच्या) गोळ्या चालू असतील तर वॅक्स, पील, स्क्रब नाही. कधी सुरू करायचं ते गोळ्या देणारा डॉक्टर सांगेल. गालाच्या हाडावर वांग असेल तर वाफेची उष्णता आणि जोराचा मसाज त्याला आणखी गडद करतो.

प्रश्नकर्तीचा पुढचा प्रश्न
वऱ्हाड_ब्युटी

खूप खूप आभार, तिघांचेही. स्क्रब आणि पूर्ण चेहऱ्याचा मातीचा पॅक आजपासून बंद. लग्नसराईत एकाच दिवशी थ्रेडिंग, ब्लीच आणि फेशियल मागतात. ते कसं बसवू? आणि दोन सिटिंगमध्ये किती अंतर?

उत्तर
त्वचासेवा_नागपूर

एका दिवशी बसवूच नका. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया, मिश्रण अल्कधर्मी. निरोगी त्वचेचा पीएच मात्र साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. ब्लीचवर ॲसिड किंवा वाफ म्हणजे गाल भाजण्याची सोय. ब्लीच फेशियलच्या निदान ७ दिवस आधी, तेही आधी जबड्याच्या कडेला चाचणी करून, आणि सोलणाऱ्या गालांवर अजिबात नाही. थ्रेडिंग दोन दिवस आधी. अप्पर लिपचं वॅक्स ॲसिडनंतर आठवडाभर नको, वरचा थर मेणाबरोबर निघून येतो आणि आपल्याकडच्या त्वचेवर तिथे काळा डाग बसतो, तो जायला महिने लागतात.

नवरीचं शेवटचं फेशियल लग्नाच्या ५-६ दिवस आधी, त्यात ॲसिड किंवा नवीन प्रॉडक्ट काही नाही. दोन दिवस आधी आली तर नुसता ओला मास्क आणि क्रीम.

अंतर एरवी ४ आठवडे, कारण त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण तेवढाच काळ लागतो. एप्रिल-मेमध्ये ५-६ आठवडे ठेवा. घरी पहिले ३ दिवस फेसवॉश, स्क्रब, लिंबू, बेसन काही नको. कोमट पाणी, रात्री क्रीम, सकाळी सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतकं. चिठ्ठीवर लिहून द्या, सांगितलेलं विसरतात. चौथ्या दिवशी फोन करून गाल ओढतात का विचारा. हो म्हणाली तर पुढच्या वेळी तिचा एन्झाइमचा पॅक गाळायचा आणि स्टीम दोन मिनिटांवर आणायची.