उताणं पडलंय म्हणजे मेलं नाही
ज्यांनी विचारलंय की कर्ली हेअर टॅरंटुलाचं (पाळतात त्या मोठ्या केसाळ कोळ्याचं) पिल्लू बरेच दिवस खात नाहीये आणि आता उताणं पडलंय, त्यांनी प्लीज त्याला हात लावू नका, ते बहुतेक कात टाकतंय! मरायला टेकलेला टॅरंटुला सहसा पाय पोटाखाली आवळून घेतो, असा पाठीवर नाही पडत. डब्यात जिवंत किडा राहिला असेल तर तेवढा हळूच काढा, कारण नवीन कातडी एकदम मऊ असते आणि साधा रातकिडापण त्याला कुरतडू शकतो. सुळे पांढऱ्याचे काळे होईपर्यंत खायला नको, माती एका बाजूने ओलसर असू द्या बास. आणि डब्याला हीटिंग पॅड लावा असं कोणी सुचवलंय देव जाणे, आपल्याला घरात बरं वाटतं तेवढी ऊब त्याला पुरते. बाकी मादी निघाली तर २० वर्षं सांभाळायची तयारी ठेवा :)