‘क्रॉनिक’ मायग्रेनला मराठीत नेमके काय म्हणावे?

ओळंबा :
मायग्रेनवरील एका संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णांना वाचायला द्यायच्या माहितीपत्रकाचे भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. काही रुग्णांचा अधूनमधून येणारा मायग्रेन पुढे महिन्यातले निम्मे दिवस का व्यापतो, हा संशोधनाचा प्रश्न आहे. आधीच्या मसुद्यात ‘जुनाट अर्धशिशी’ असे शब्द होते. उलट भाषांतर करणाऱ्याने त्याचे इंग्रजीत ‘अनेक वर्षांपासून असलेली’ असे केले आणि नीतिसमितीने कागद परत पाठवले. समितीचा आक्षेप मला रास्त वाटतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार, तीन महिन्यांहून अधिक काळ, दर महिन्याला पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यातल्या निदान आठ दिवशी दुखण्याला मायग्रेनची लक्षणे असतील, तरच त्याला ‘क्रॉनिक’ म्हणतात. म्हणजे पंचवीस वर्षे वर्षातून दोनदा डोके उठणाऱ्या बाई ‘क्रॉनिक’ नाहीत आणि सहा महिन्यांपूर्वी त्रास सुरू झालेला, पण दिवसाआड अंधाऱ्या खोलीत पडून राहणारा मुलगा आहे. ‘तुम्हाला जुनाट अर्धशिशी आहे का?’ असे विचारले, तर दोघांचीही उत्तरे उलटी येतील. त्यामुळे ‘जुनाट’ बाद. त्याजागी काय घालावे? माहितीपत्रकाच्या शीर्षकातल्या ‘मेकॅनिझम’साठी ‘यंत्रणा’ हा शब्द योग्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

कोशवाचक :
‘चिरकारी’ हा तयार शब्द असताना शोध कशाला? तीव्र आणि चिरकारी ही जोडी वैद्यकीय परिभाषेत रुळलेली आहे. लोकांना तो शब्द ठाऊक नाही असे कोणी म्हणेल, तर ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही एके काळी कोणाला ठाऊक नव्हते. आपण वापरत नाही म्हणून ते कळत नाहीत आणि कळत नाहीत म्हणून वापरत नाही, या चक्रातून कोणी तरी बाहेर पडायला हवे.

सावलीतली :
कोशवाचक, दिनांकाने कोणाचे डोके दुखत नाही. संमतिपत्रकावर सही करणाऱ्याला ते वाचून कळले पाहिजे, हा तिथला कायदेशीर हेतू आहे. मला स्वतःला हा त्रास आहे. ‘चिरकारी’ वाचून मला प्रथम काही तरी चिरण्याची आठवण झाली. आमच्या घरी आजी ‘दुखणं मुरलंय’ म्हणायची. ताप मुरतो, खोकला मुरतो, तशी अर्धशिशी मुरते. ‘मुरलेली अर्धशिशी’ का नको?

चेतातंतू :
मी या विषयाच्या आसपास काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शब्द ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते पाहायला हवे, आणि गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत त्या वस्तूचे चित्रच बदलले आहे. १९३८ साली ग्रॅहम आणि वुल्फ यांनी एर्गोटामिन हे रक्तवाहिन्या आकसवणारे औषध दिल्यावर कानशिलाजवळच्या धमनीचे ठोके मंदावतात आणि दुखणेही उतरते हे दाखवले, तेव्हापासून मायग्रेन हा रक्तवाहिन्या फुगण्याचा आजार मानला गेला. १९४४ साली लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूच्या बाह्यकावर, म्हणजे वरच्या थरावर, विद्युतक्रिया मंदावण्याची एक लाट मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने पसरताना पाहिली. त्याआधी १९४१ मध्ये लॅशली यांनी मायग्रेनच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांपुढे सरकणाऱ्या नागमोडी रेषांची चित्रे काढून जवळपास हाच वेग मांडला होता. मग कॅल्सिटोनिनच्या जनुकाशी नाते असलेले ३७ अमिनो आम्लांचे, चेतापेशींतून स्रवणारे पेप्टाइड, म्हणजे सीजीआरपी, १९८२ साली उजेडात आले. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांनी झटक्याच्या वेळी मानेतल्या बाह्य नीलेच्या रक्तात ते वाढलेले मोजले, आणि २०१८ मध्ये त्याच्या ग्राहीला, म्हणजे ते पेशीवर जिथे जोडले जाते त्या जागेला, अडवणारे पहिले प्रतिपिंड औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाले.

आता मुद्द्याकडे. क्रॉनिक मायग्रेन म्हणजे त्याच झटक्यांची मोठी बेरीज नव्हे. वेदनेचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशी वारंवारच्या माऱ्याने इतक्या सहज पेटू लागतात की पूर्वी ज्याने काही झाले नसते तेही पुरेसे ठरते. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही मेंदू पूर्ववत होत नाही. म्हणून ह्यूस्टनच्या निनान मॅथ्यू यांनी १९८० च्या दशकात ‘रूपांतरित मायग्रेन’ असा शब्द वापरला होता. मला तो ‘क्रॉनिक’पेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात काळ मोजलेला नाही, बदल सांगितला आहे.

ओळंबा :
मग मराठीत ‘बळावलेली अर्धशिशी’ म्हटले तर? आजार बळावतो असे आपण म्हणतोच, आणि बळावण्यात अवस्था बदलल्याचा अर्थही येतो.

चेतातंतू :
‘बळावलेली’ म्हटले की दुखण्याची तीव्रता वाढली असे वाटते. पुष्कळ रुग्णांमध्ये उलट घडते. दिवस वाढतात, पण प्रत्येक दिवसाचे दुखणे पूर्वीपेक्षा सौम्य आणि धूसर असते, म्हणून तर पंधरापैकी आठच दिवशी मायग्रेनची लक्षणे असली तरी चालतात. ‘तीव्र’ शब्दाचीही हीच अडचण आहे. कोशवाचकांनी ज्या तीव्र-चिरकारी जोडीचा उल्लेख केला, तिच्यात ‘तीव्र’ म्हणजे अचानक उद्भवलेले. रुग्ण मात्र ते ‘जोरदार’ या अर्थानेच घेतो. अल्पकाळाचे सौम्य दुखणे ‘तीव्र’ आणि असह्य दुखणे ‘चिरकारी’, असे लिहून पाहा.

कोशवाचक :
हा शब्दांचा दोष नव्हे, परिभाषा शिकवली न जाण्याचा दोष आहे. आणि ‘क्रॉनिक’ तरी नेमका कुठे आहे? मूत्रपिंडाचा विकार तीन महिन्यांनी क्रॉनिक होतो, अंगावरच्या पित्ताच्या गांधी सहा आठवड्यांनी, आणि श्वासनलिकादाहाला लागोपाठ दोन वर्षे, दर वर्षी तीन महिने कफाचा खोकला लागतो. मूळ ग्रीक शब्द ‘काळ’ याहून अधिक काही सांगत नाही. इंग्रजी शब्दाला प्रत्येक रोगात वेगळी मुभा आणि मराठी शब्दाने मात्र पहिल्याच वाचनात व्याख्येसह उलगडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सावलीतली :
हे मात्र पटले.

वैद्यबुवा :
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही, म्हणून लिहितो. ‘मेकॅनिझम’ला ‘यंत्रणा’ म्हणू नये. यंत्रणा म्हटले की जिल्हा प्रशासन आठवते. रोग कसा घडत जातो याला आपल्याकडे ‘संप्राप्ती’ हा नेमका शब्द आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती हे निदानपंचक प्रत्येक वैद्याला पाठ असते. मायग्रेनच्या आदल्या दिवशी जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते, त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे आणि आपल्याकडे ‘पूर्वरूप’ तयारच आहे. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यात अर्धे डोके भेदणारा अर्धावभेदक आहे आणि सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्तही आहे.

ओळंबा :
वैद्यबुवा, ‘पूर्वरूप’ मी लगेच उचलला. परंतु त्याच पंचकातले ‘निदान’ आज रोगाचे कारण या अर्थाने कोणीही वाचणार नाही, रोगाची ओळख असेच वाचेल. पाचातला एक शब्द इतका सरकला असताना ‘संप्राप्ती’ जागेवर राहिला तो केवळ बाहेर कोणी वापरला नाही म्हणून. सामान्य वाचकाला ‘संप्राप्ती’ म्हणजे काही तरी मिळाले असे वाटेल.

टिपणवही :
‘यंत्रणा’वरून एक अवांतर. माझे बालपण कोलकात्यात गेले. तिथे ‘माथार जंत्रणा’ म्हणजे सरळ डोकेदुखी. हिंदीतही यंत्रणा म्हणजे यातना. त्यामुळे ‘मायग्रेनची यंत्रणा’ हे शीर्षक एखाद्या बंगाली माणसाने वाचले तर त्याला ते अचूकच वाटेल. संस्कृतात मूळ अर्थ बांधणे, आवळणे, जखडणे असा आहे. मराठीने त्यातून यंत्राची व्यवस्था घेतली आणि शेजाऱ्यांनी आवळल्याची वेदना घेतली.

कोशवाचक :
आता ‘अर्धशिशी’वरही बोलून घेऊ. काही जण तिचा संबंध औषधाच्या शिशीशी लावतात, तो हास्यास्पद आहे. शिशी फारसी शीशातून आली. अर्धशिशीतले ‘शिशी’ हे शीर्षाचे रूप आहे, हिंदीत आधासीसी आहेच. आणि गंमत अशी की ग्रीक ‘हेमिक्रेनिया’ म्हणजेही अर्धी कवटी, त्याचेच घासून ‘मायग्रेन’ झाले. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली, मग आपण आपला शब्द सोडून त्यांचा का घ्यावा?

चेतातंतू :
कारण तो शब्द अर्धाच खरा आहे, दोन्ही भाषांत. कित्येकांचे दोन्ही बाजूंना दुखते, मुलांमध्ये तर बहुधा तसेच असते. ‘माझे पूर्ण डोके दुखते, म्हणजे अर्धशिशी नाही’ असे म्हणून वर्षानुवर्षे डोकेदुखीच्या गोळ्या घेणारे लोक मी पाहिले आहेत. मायग्रेनचा अर्थ मराठी माणसाला पारदर्शक नाही, हाच त्याचा फायदा आहे. गोळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो की साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान ही मायग्रेनची खास औषधे दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांपलीकडे चालू राहिले तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवू शकतात. माहितीपत्रकात याचे भाषांतर ‘गैरवापर’ असे करू नका. रुग्णावर आरोप होतो. ‘अतिवापर’ पुरे.

सावलीतली :
त्याबद्दल आभार. आता मला एक शब्द सुचवायचा आहे, विचारलेला नसला तरी. डोके दुखायला लागल्यावर काही तासांनी मला कंगवा फिरवता येत नाही, उशी टोचते, चष्म्याची काडी सहन होत नाही. आमच्याकडे याला ‘डोके हळवे झाले’ म्हणतात. याला शास्त्रात काही नाव आहे का?

चेतातंतू :
आहे. अॅलोडायनिया. ज्या स्पर्शाने एरवी दुखत नाही त्याने दुखणे. बोस्टनच्या बर्स्टीन यांच्या गटाने २००० साली ४२ रुग्णांच्या कातडीची झटक्याच्या वेळी तपासणी केली, तेव्हा ३३ जणांत हे आढळले, आणि काहींत ते डोक्यापुरते न राहता हातापर्यंत गेले होते. हातापर्यंत गेले याचा अर्थ बिघाड केवळ डोक्याच्या आवरणांतल्या चेतांचा नाही, आत, संवेदनांचे संदेश पुढे धाडणाऱ्या थॅलॅमस या मेंदूतल्या केंद्रापर्यंत पोचलेला आहे. झटके वाढत जाणाऱ्यांत हे अधिक दिसते. ‘स्पर्शवेदना’ असे भाषांतर मी पाहिले आहे. पण ‘हळवेपणा’ शंभर पटींनी चांगला.

कोशवाचक :
हळवेपणा म्हणजे भावनाविवशता. मायग्रेनच्या बायकांना आधीच ‘नाजूक स्वभावाच्या’ म्हणून हिणवले जाते, त्यात शास्त्रीय कागदावर त्यांना हळवे ठरवायचे?

सावलीतली :
हळवे मन आणि हळवे गळू, दोन्ही मराठीच आहेत. ‘माझे डोके हळवे’ आणि ‘मी हळवी’ यातला फरक कोणत्याही मराठी माणसाला कळतो. हिणवणाऱ्यांना शब्दाची गरज पडत नाही.

भातखाचर :
इतका वेळ नुसता वाचत होतो. आम्हां कोकणातल्या लोकांना हळवे म्हटले की प्रथम भात आठवते. हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे लवकर कापणीला येते, गरवे सर्वांत उशिरा. त्या न्यायाने अचानक येऊन जाणारी ती हळवी अर्धशिशी आणि मुक्काम ठोकणारी ती गरवी. हे मी अर्धे थट्टेने लिहीत आहे, पण कोशवाचकांची जोडी यात फुकट मिळते.

टिपणवही :
व्युत्पत्तीही जुळते. लघुकचे प्राकृतात ‘हलुअ’ झाले, त्याच्या आगेमागे हळू, हलका आणि हळवा आहेत. गुरुकचे ‘गरुअ’ झाले, त्यातून गरवा. वैद्यकात लघु आणि गुरु हे शब्द वैद्यबुवांना नवे नसतील.

वैद्यबुवा :
नवे नाहीत, पण तिथे लघु म्हणजे पचायला हलके. आजाराच्या मुदतीशी त्याचा संबंध लावता येणार नाही.

ओळंबा :
शिवाय पुन्हा मुदतच मोजली गेली. समितीला दिवसांची संख्या हवी आहे. उद्या कागद पाठवायचा आहे, म्हणून तूर्त ‘वारंवार उद्भवणारा (क्रॉनिक) मायग्रेन’ असे लिहून खाली व्याख्या देत आहे, आणि शीर्षकात ‘मायग्रेन कसा घडतो’ असे घालत आहे.

कोशवाचक :
‘वारंवार’ म्हणजे आठवड्यातून एकदाही होते. हा पर्याय सर्वांत ढिला आहे, आणि कंसातला शब्द तुम्ही हार मानल्याची खूण आहे. माझा ‘चिरकारी’ला असलेला पाठिंबा कायम आहे.

भातखाचर :
रत्नागिरीकडे गरव्याला ‘महान भात’ही म्हणतात असे ऐकले आहे. रायगडात कोणी म्हणते का?