बोलेरोच्या सीटला घरीच कव्हर शिवायचंय, कापड कोणतं घ्यावं?

सेलूची_शिलाई
नमस्कार मंडळी. मी सेलूची, घरी पायमशीन आहे, ब्लाउज, फॉल-पिको असली कामं करते. आमची जुनी बोलेरो आहे, दुधाच्या कॅना, खताच्या गोण्या, कापूस वेचणीच्या बाया, सगळं तिच्यातच. दीड वर्षामागं लेदरसारखी दिसणारी रेडिमेड कव्हरं आणली, चांगले पैसे मोजले, नी आता त्याचे पापुद्रे निघायलेत. मागच्या हप्त्यात सासरे तारखेला परभणीला गेले तर धोतराला मागून काळ्या काळ्या टिकल्या चिकटलेल्या, कोर्टात सगळे बघायले म्हणे. दुकानदार म्हणतो गाडी उन्हात लावता त्याला मी काय करू. आता सेलूत मे महिन्यात सावली कुठून आणायची?

तर म्हटलं आपणच शिवावं. पण जीन्स घ्यावी, ताडपत्रीवाला कॅनव्हास, रेक्झिन, की पडद्याचं जाड कापड? मिस्टर म्हणतात रेक्झिनच घे, ओलं फडकं मारलं की झालं. मला वाटतं रेक्झिन म्हणजे उन्हाळ्यात तव्यावर बसायचं. आणि घरच्या मशीनवर एवढं जाड चालेल का तेही सांगा.

काळीपिवळी_गंगाखेड
ताई १२ वर्षं काळी-पिवळी चालवली, किती कव्हरं फाडली त्याचा हिशोब नाही. सगळे सांगतील सोलापुरी चादर टाका विषय संपला, मीबी टाकली होती. चादर चांगलीच असती पण ती सरकती, माणूस उतरला की गोळा होऊन खाली येती, दिवसातून दहा येळा नीट करा.

एक गोष्ट बघा, तुमचं जुनं कव्हर कुठं फाटलंय? मधी नाही फाटत कधी. दाराकडच्या काठाला फाटतं, जिथून माणूस बूड घासत आत जातो, ड्रायव्हर सीटचा उजवा काठ तर पहिला जातो. आमच्याकडं तिथं आधीच डबल कापडाची पट्टी लावून घ्यायचो. कापड कोणतंबी घ्या पण ती पट्टी विसरू नका.

कुशनवाला_जालना
माझा सीट कुशनचाच धंदा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचं जे निघायलंय ते रेक्झिन नाही, पीयू आहे. कापडावर पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो, ऊन, घाम नी दमट हवा यांनी तो आतून कुजतो नी पापुद्रे सुटतात, त्याला काही इलाज नाही, पॉलिश मारा नाहीतर तेल लावा. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, जाड नी जड. त्याचे पापुद्रे निघत नाहीत पण वर्षानुवर्षं उन्हात तापून त्यातला मऊपणा उडून जातो, मग कडक होऊन तडकतं. त्यामुळं मिस्टरांचंही बरोबर नी तुमचंही. मी शेतकऱ्याच्या गाडीला दोन्ही लावतो. बसायचा नी पाठ टेकायचा भाग जाड सुती कॅनव्हासचा, बाजू, सीटची पाठ नी खालची झालर रेक्झिनची. गोणी घासते, चिखलाचे पाय लागतात ते तिथंच. घाम येतो तिथं सुती.

आता खरी गोम. घरी शिवलेली कव्हरं कापडानं नाही जात, धाग्यानं जातात. ब्लाउजचा सुती धागा वापरला तर घामानं नी उन्हानं तो आधी सडतो, कापड ठणठणीत नी शिवण उसवलेली. पॉलिस्टरचा जाड धागा घ्या. नायलॉन ओढून बघितला तर तगडा वाटतो पण उन्हाला पॉलिस्टर जास्त टिकतो.

मशीन चालेल, सुई बदला. १६ नंबर, चार पदर येतील तिथं १८. जाड घडी आधी खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकून चपटी करायची नी तिथं पाय न मारता चाक हातानं फिरवायचं, सुई मोडत नाही. रेक्झिनवर टाका मोठा ठेवा, इंचाला सहा-सातच. बारीक टाके मारले की भोकाला भोक लागून पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. टाचण्याही लावू नका, पडलेलं भोक भरत नाही, कपड्याचे चिमटे लावा. मशीनच्या फुटाला, म्हणजे कापड दाबणाऱ्या पायाला, रेक्झिन चिकटून सरकत नसेल तर वर पतंगाचा कागद ठेवून शिवा, मग फाडून टाका.

सराफाचा_काटा
दादांनी बरंच सांगितलं, मी फक्त विकत घेताना काय बघायचं ते सांगतो. दुकानदार सगळ्यालाच 'हेवी' म्हणतो. मी १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा मागून घेतो नी ओळखीच्या सराफाकडं काट्यावर ठेवतो. जितके ग्रॅम त्याला शंभरनं गुणा, ते जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. चार ग्रॅम भरलं तर ४००, म्हणजे साधारण १२ औंसाची जीन्स. माझ्या मते सीटला ३५० च्या खाली जाऊ नये. पहिल्यांदा तुकडा घेऊन गेलो तर सराफ म्हणाला गहाण ठेवायचंय का.

पडद्याचं कापड नको, ते लोंबायला केलेलं असतं, घासायला नाही. खादी कुणीतरी सुचवेलच, नांदेडच्या खादीचा मलाही अभिमान आहे, तिरंगे तिथं बनतात, पण हातसुताचं कापड रोजच्या घसटीनं विरतं.

आणि निळी जीन्स घेणार असाल तर सासऱ्यांचं धोतर आठवा. नवी जीन्स घामानं रंग सोडते. पांढरा रुमाल ओला करून वीस-तीस वेळा जोरात घासून बघा, निळा झाला तर धोतरही होणार.

माय_माझी_बीड
जीन्स मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की रंग पक्का होतो ना?

सराफाचा_काटा
नाही हो ताई, निळीचा रंग मिठानं बसत नाही. वरवरचा रंग दोन-तीन धुण्यांत निघून जातो तेवढाच फायदा. तसंही सुती कापड बेतायच्या आधी धुवून वाळवायलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं नी कव्हर सीटवर चढत नाही.

नवी_गाडी_लातूर
मधीच विचारतो, माझी गाडी नवीन आहे, मीपण घरी शिवू का?

कुशनवाला_जालना
सीटच्या दाराकडच्या बाजूला एअरबॅगचं लेबल शिवलेलं आहे का बघा. असलं तर तो भाग झाकून घट्ट कव्हर शिवू नका, बॅग तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. एकतर ती बाजू पूर्ण उघडी ठेवा नाहीतर कंपनीचं घ्या. ताईंच्या जुन्या बोलेरोला ही भानगड नाही.

सेलूची_शिलाई
सगळ्यांचे आभार, महिनाभरानं लिहायले. खाकी कॅनव्हास घेतला, काट्यावर ४.२ भरला. काळा मुद्दाम नाही घेतला, काळ्यावर आपली धूळ पांढुरकी दिसते, खाकीवर दिसतच नाही. बाजूला तपकिरी रेक्झिन. आधी जुन्या धोतराचं कव्हर टाचून माप काढलं, कागदावरचं माप सीटच्या गोलाईला बसतच नव्हतं. सगळं मिळून साडेसात मीटर लागलं, दोन सुया मोडल्या, त्यातली एक बत्त्याचं ऐकलं नाही म्हणून. दाराकडच्या काठाला डबल पट्टी घातली, गंगाखेडच्या दादांना नमस्कार.

सासरे बसून बघितले, उठून आधी धोतर मागून बघितलं, मग म्हणले बरंय. आता एकच अडचण, खाली नेफा करून नाडी ओवली तर ती सीट पुढंमागं करायच्या दांड्यात अडकायली. काय करावं?

काळीपिवळी_गंगाखेड
नाडी काढा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोन्ही टोकाला तारेचे हूक लावा नी सीटच्या खालून आडव्या ताणा, दांड्याच्या मागून. माझ्या गाडीला तसंच होतं, गाडी इकली तवाबी निघालं नव्हतं.