मदत हवी आहे: अमेरिकेच्या 'इलेक्टोरल कॉलेज'चा उगम

अमेरिकेची राज्यघटना मुळापासून समजून घेतोय आणि राष्ट्राध्यक्ष निवडीच्या कलमापाशी गाडी अडली आहे.

राज्यघटना लिहिणाऱ्या 1787 च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात व्हर्जिनिया योजनेनुसार (चर्चेसाठी सुरुवातीला मांडलेला आराखडा) अध्यक्ष कायदेमंडळाने निवडायचा होता. 19 जुलैला निर्वाचकांच्या (अध्यक्ष निवडण्यासाठी खास नेमलेली माणसं; यांचाच गट म्हणजे 'इलेक्टोरल कॉलेज') बाजूने मत पडलं, आठवडाभरात ते फिरलंही. मग 4 सप्टेंबरला अकरा जणांच्या समितीने पुन्हा निर्वाचकच पुढे आणले, आणि या वेळी ते टिकले. हे नेमकं कशामुळे?

अधिवेशनातले प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी तिथल्या चर्चेची काढलेली टिपणं आणि फेडरलिस्ट क्र. 68 (राज्यघटनेच्या समर्थनार्थ अलेक्झांडर हॅमिल्टनने लिहिलेला लेख) वाचून झालंय. हॅमिल्टन कारस्थानं आणि परकीय हस्तक्षेप टाळण्यावर भर देतो. पण 19 जुलैला मॅडिसन उघड म्हणतो की थेट मतदान झालं तर गुलामांना मत नसल्यामुळे दक्षिणेकडच्या राज्यांना वजन उरणार नाही. निर्वाचकांची संख्या प्रतिनिधीगृहाच्या जागांशी जोडली, की या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं मोजण्याचा फायदा दक्षिणेला आपसूक मिळतो. मला हे कारण फार वजनदार वाटतं, पण एका भाषणावर निष्कर्ष काढणं बरोबर नाही.

आजच्या निवडणुकांवरचे लेख नकोत. इंग्रजी चालेल, पण ऑनलाइन मोफत मिळणारं हवं. मॅडिसनने टिपणं नंतर सुधारली होती, म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबायचं नाही.

तर अकरा जणांच्या त्या समितीत काय बोलणं झालं, याबद्दल मॅडिसन सोडून तिच्या इतर सदस्यांपैकी कुणी पत्रात किंवा आठवणींत लिहून ठेवलंय का, आणि ते कुठे वाचता येईल?