मदत हवी आहे : नातीच्या जिभेवर 'ळ' बसवायचाय

आम्ही इंदूरला, राजवाड्याजवळ राहतो. नात साडेचार वर्षांची. घरी मराठी, पण शाळेत आणि गल्लीत दिवसभर हिंदी; त्यात 'ळ' नाहीच. परवा ओट्याशी येऊन म्हणाली, "आजी, केलं!" मी विचारतेय, काय केलंस गं? तर हातात अर्धं सोललेलं केळं! हसून पुरेवाट झाली. (खरं सांगू, हे बोबडे बोल संपूच नयेत असंही वाटतं.)

'काळे राळे, गोरे राळे' म्हणून पाहिलं, पण जीभ अडकली की माझ्यावरच रुसते. जीभ उलटी वळवून टाळूला लावून दाखवली, तर आरशासमोर वेडावत बसली. याहून सोपी 'ळ'वाली बडबडगीतं किंवा खेळ कुणाला ठाऊक आहेत का? मुलगा म्हणतो, येईल आपोआप. थांबावं का?