मदत हवी आहे: ईएसएक्सआय सर्व्हरवर स्नॅपशॉट फुगलाय, डेटास्टोअर भरत आलाय

नमस्कार मंडळी. आमचं छोटं वर्कशॉप आहे, आयटीचं सगळं मीच बघतो (नावाला अकाउंटंट!). एकच टॉवर सर्व्हर, त्यावर ईएसएक्सआय ६.७ (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), फुकटचं लायसन्स. त्यात दोन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक: एकात टॅली, दुसरा फाइल सर्व्हर. मेल होस्टेड आहे, त्याची कटकट नाही.

काल टॅली रडतखडत चालत होतं म्हणून डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा) उघडून पाहिला. १ टीबीपैकी जेमतेम ४० जीबी शिल्लक. टॅलीच्या व्हीएमची मूळ डिस्क ४०० जीबी, थिक (म्हणजे सगळी जागा आधीच राखलेली). शेजारी डेल्टा फाइल (स्नॅपशॉटनंतरचे बदल हिच्यात साठतात) ३१० जीबी! स्नॅपशॉटचं (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) नाव ‘अपडेटच्या आधी’. आधीच्या माणसाने दीड वर्षापूर्वी घेतला आणि विसरला. स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात, इथे तर त्याचा वाढदिवस होऊन गेला.

फुकटच्या लायसन्समुळे व्हीम (Veeam, बॅकअपचं सॉफ्टवेअर) थेट होस्टवरून बॅकअप घेत नाही. म्हणून विंडोजच्या आत एजंट टाकून नॅसवर (नेटवर्कवरचं स्टोरेज) पूर्ण बॅकअप चालू केलाय.

आता प्रश्न. बॅकअप झाल्यावर शनिवारी रात्री व्हीएम बंद करून ‘डिलीट ऑल’ (डेल्टा मूळ डिस्कमध्ये मर्ज करून स्नॅपशॉट काढणं) द्यावं का? बंद असताना नवे राइट नसतात, म्हणजे जागा पुरावी असा माझा हिशोब. बरोबर आहे ना? ७२०० आरपीएमच्या दोन साटा डिस्क, रेड १ (दोन्हींवर तोच डेटा). एवढं मर्ज व्हायला सोमवारची सकाळ उजाडेल का? ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसतं, तेव्हा हात लावायचा नाही एवढं ऐकून आहे.

की सरळ प्रॉक्समॉक्सवर (ईएसएक्सआयसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) नवीन व्हीएम करून बॅकअप तिथे उतरवू? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.