शब्दचर्चा: ‘सपोर्टेड अकोमोडेशन’ला मराठीत काय म्हणावं?

अक्षरा
पुण्यातली एक संस्था मानसिक आजार असलेल्या लोकांना त्यांच्या राहण्याच्या सोयीबद्दल विचारणार आहे. कुठे राहायला आवडेल, कोणाबरोबर, मदत कसली हवी, असं. प्रश्नावली इंग्रजीत तयार आहे, ती मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. चार ठिकाणी अडलेय.

‘सपोर्टेड अकोमोडेशन’ला आधी कोणीतरी ‘आधारयुक्त निवारा’ केलंय, ते मला खटकतंय. ‘कन्सल्टेशन’ला ‘सल्लामसलत’ चालेल का? ‘पर्सन विथ मेंटल इलनेस’साठी ‘मनोरुग्ण’ नको, एवढं ठरलंय. आणि ‘नीड्स’ म्हणजे ‘गरजा’, पण ‘तुमच्या गरजा काय आहेत?’ हे मोठ्याने वाचलं आणि माझं मलाच उत्तर सुचेना.

उत्तरं देणारे बरेच जण वर्षानुवर्षं इस्पितळात राहिलेले आहेत, काहींची शाळा चौथी-पाचवीत सुटलेली. प्रश्न त्यांना वाचून दाखवले जातील. म्हणून एकदा ऐकून कळेल असाच शब्द हवा.

पोथीनिशी
‘निवारा’ नकोच. ऊन-पाऊस-वाऱ्यापासून वाचवतो तो निवारा, तिथे माणूस तात्पुरता टेकतो. महापालिकेचे रात्र निवारे बेघरांसाठी असतात, ऐकणारा तेच समजेल.

‘आधार’ची अडचण वेगळी. शब्द जुना आणि चांगला, पण वाचून दाखवताना ‘आधार’ म्हटलं की समोरचा कार्ड शोधायला लागेल. त्यातून ज्यांचं आयुष्य इस्पितळात गेलं त्यांच्यातल्या अनेकांकडे ते कार्ड नसतं, कारण दाखवायला पत्ता नसतो, आणि त्यावरून त्यांना आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलेलं असतं.

कृपा करून ‘गृह’ही टाळा. सुधारगृह, निरीक्षणगृह, भिक्षेकरीगृह, कारागृह. शब्दाला ‘गृह’ लागलं की रजिस्टर, अधीक्षक आणि आत-बाहेर जाण्याच्या वेळा आल्याच.

सागरगोटा
आधी ती गोष्ट नेमकी काय आहे ते बघू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा. त्याच्या कलम १८मध्ये सरकारने द्यायच्या सेवांत हाफ-वे होम, शेल्टर्ड अकोमोडेशन आणि सपोर्टेड अकोमोडेशन अशी तीन नावं वेगवेगळी दिली आहेत, आणि २०१८च्या नियमांत तिन्हींच्या व्याख्या आहेत.

हाफ-वे होम ही मधल्या काळातली जागा. इस्पितळातून सुटी मिळाली, पण एकट्याने किंवा घरच्यांबरोबर राहायची तयारी अजून पुरती झालेली नाही, अशांसाठी. शेल्टर्ड म्हणजे स्वतःचं स्वतः सांभाळू इच्छिणाऱ्या, पण अधूनमधून मदत लागणाऱ्या माणसासाठी सुरक्षित जागा. सपोर्टेडमध्ये मात्र घर त्या माणसाचंच असतं, भाड्याचं नाहीतर मालकीचं. सोबत राहून काळजी घेणारं कोणी नसतं, म्हणून एखाद्या संस्थेचा माणूस घरी येऊन मदत करतो. त्या घराचा खासगीपणा राखण्याचा उल्लेख व्याख्येतच आहे.

म्हणजे इथे मदत माणसाच्या घरी येते. ‘आधारयुक्त निवारा’ ऐकून डोळ्यांपुढे नेमकं उलटं चित्र उभं राहतं. मी ‘मदतीसह स्वतःचं घर’ म्हणेन. अहवालाला भारदस्त मथळा हवाच असेल तर ‘साहाय्यित निवास’ करा, पण तो छापील पानापुरता.

शब्दांचा एवढा कीस कशासाठी, असं कोणाला वाटत असेल तर आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. कलम १९ सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब घरात घेत नाही, राहायला जागा नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्यावरून कोणाला मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवून घेता येणार नाही. आणि आपल्याकडे इस्पितळातल्या लोकांना वृद्धाश्रमात आणि भिक्षेकरीगृहात हलवलं जात होतं. हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, ताबडतोब थांबवा, असं जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं. डोक्यावर छप्पर आलं म्हणजे भागलं, ही समजूत इतकी पक्की आहे. म्हणून ‘निवारा’ला माझा ठाम विरोध.

मेपलपान
टोरांटोहून लिहितेय. इकडे २००९ ते २०१३ या काळात ‘अ‍ॅट होम / शे स्वा’ नावाचा मोठा प्रयोग पाच शहरांत झाला, टोरांटो त्यांतलं एक. बेघर आणि मानसिक आजार असलेले दोन हजारांहून जास्त लोक त्यात होते. त्यांतल्या ज्या गटाला घर मिळालं, त्याला ते सुरुवातीलाच मिळालं. औषधं घ्या, दारू सोडा, मग बघू, अशी अट नव्हती. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं भरायचं आणि आठवड्यातून एकदा मदतनिसाला भेटायचं, एवढंच. ही पद्धत सॅम त्सेम्बेरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९९२मध्ये सुरू केली होती. टोरांटोत बेघरपणाचा आणि मानसिक आजाराचा अनुभव स्वतः घेतलेल्या लोकांचा एक गट प्रकल्पाच्या कामातच सामील करून घेतला होता.

अक्षराच्या कामासाठी आणखी एक. अमेरिकेत बेथ टॅन्झमन यांनी १९९३मध्ये अशा पाहण्यांचा एकत्र आढावा घेतला. बहुतेकांना स्वतःच्या घरात राहायचं होतं, एकट्याने किंवा जोडीदाराबरोबर. इतर रुग्णांबरोबर नको होतं. मदतनीस बोलावला की यावा, घरात मुक्काम ठोकून बसू नये. आणि मदत म्हणजे काय, तर भाड्याला हातभार, टेलिफोन, जाण्यायेण्याची सोय.

सागरगोटा
मेपलपान, माहिती मोलाची आहे, पण तिकडचं उत्तर इथे तसंच लावू नये. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने २०१५मध्ये ‘होम अगेन’ सुरू केलं. इस्पितळातून बाहेर पडलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, कोणाबरोबर राहायचं ते आपापसांत ठरवतात, आणि गावातलीच एखादी बाई मदतनीस म्हणून असते. आमच्या रत्नागिरीतही त्यांचं काम आहे. तिथे सोबत हवीशी असते. एकटीने राहणं हा आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी कधी विचारातही घेतलेला पर्याय नसतो, म्हणून ‘एकटं की सोबत’ हा प्रश्न घाईत उरकू नका.

गुलबक्षी
मी स्वतः शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेली व्यक्ती आहे, म्हणून लिहितेय. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन बरीच वर्षं झाली, सध्या भाड्याच्या खोलीत एकटी राहते, नोकरी करते.

मधली काही वर्षं एका पुनर्वसन केंद्रात काढली. माणसं वाईट नव्हती. पण न्हाणीघराला आतून कडी नव्हती. सुरक्षेसाठी काढून टाकली होती, कारण मला कळतं. मी भरलेली बादली दाराला टेकवून आंघोळ करायचे, म्हणजे कोणी ढकललं तर आधी बादली सरकेल. आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून मोठ्याने गाणं म्हणत राहायचे. चहात साखर आधीच घातलेली यायची. टीव्हीचा रिमोट ऑफिसात.

त्या दिवसांत कोणी ‘तुमच्या गरजा काय?’ विचारलं असतं तर मी ‘काही नाही, सगळं मिळतं’ म्हटलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. गरज म्हटलं की औषध, जेवण, कपडे एवढंच डोक्यात येतं. कडी येत नाही. म्हणून ‘गरजा’ हा शब्द प्रश्नांतून काढाच. असं विचारा: दाराची किल्ली कोणाकडे असावी? रात्री दिवा कधी मालवायचा हे कोणी ठरवावं? खोलीत दुसरं कोणी असलं तर चालेल का, आणि ती व्यक्ती तुम्ही निवडणार की आणखी कोणी? घरी कोण आलेलं आवडेल? बाजार तुम्ही कराल का? बरं वाटत नसेल तेव्हा पहिला फोन कोणाला कराल?

‘शुभार्थी’बद्दल. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये, म्हणजे कॅलगरीच्या डॉ. जगन्नाथ वाणींनी उभ्या केलेल्या ‘सा’मध्ये, आणि ठाण्याकडेही, आजार असलेल्याला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला तो शब्द आवडतो. आमच्या गटात तो माझा आहे. पण येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या वॉर्डातल्या बाईने तो कधी ऐकलेला नसेल, तिला वाटेल दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. तिथे ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ बरं. आणि प्रश्नांत तर नावाची जरूरच नाही, समोर बसलेल्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचं.

अक्षरा
गुलबक्षी, फार फार आभार. ‘तुम्ही’ हे इतकं समोर होतं! मूळ प्रश्नावलीत सगळं तृतीयपुरुषी आहे, मी तेच ओढत होते.

आबा ठाणेकर
माझा मुलगा बेचाळीस वर्षांचा, मी चौऱ्याहत्तर. पालकांच्या बैठकीत कुठूनही सुरुवात केली तरी बोलणं एकाच ठिकाणी येतं: आमच्या पश्चात याचं काय?

गुलबक्षी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. किल्ली त्याच्याकडे असावी, मनापासून मान्य. पण त्याचं औषध सुटलं की थोड्याच आठवड्यांत तो दार उघडायचं बंद करतो. जेवण दाराबाहेर ठेवलेलं तसंच राहतं. त्या वेळी त्याच्या हातातली किल्ली त्याच्या कामाची असते की त्याच्या आजाराच्या, हे मला आजवर उमगलेलं नाही. म्हणून विचारतो, या पाहणीत पालकांना काही विचारणार आहात का?

दुसरं, खोली मिळायला हवी ना. करार अकरा महिन्यांचा, अनामत, सोसायटीची परवानगी. आजार सांगितला तर दार बंद, लपवला तर पुढे कधीतरी कळणारच. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांत ठाण्यात खोली होत नाही. ‘मदतीसह स्वतःचं घर’ या शब्दांत भाडं भरण्याची मदत येते का, तेवढं स्पष्ट लिहा.

गुलबक्षी
आबा, तुमची भीती माझ्या आईचीही होती. माझ्यापुरतं सांगते. माझ्या खोलीची दुसरी किल्ली मावसबहिणीकडे आहे. कोणाकडे ठेवायची ते मी ठरवलं, बरी असताना. कधी वापरायची तेही लिहून दिलंय: लागोपाठ दोन दिवस फोन उचलला नाही तर आधी दार वाजवायचं, नाव घेऊन हाक मारायची, मग उघडायचं. एकटीने यायचं, चारजणांना घेऊन नाही. ती आली की मला राग येतो, पण ती ठरल्याप्रमाणे आलेली असते. तुमच्या मुलाला तो बरा असताना विचारून बघा, दुसरी किल्ली कोणाकडे असलेली त्याला चालेल. कदाचित तो तुमचं नाव घेणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सागरगोटा
याला कायद्याचंही बळ आहे. कलम ५प्रमाणे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवता येतं, त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. कलम १४प्रमाणे आपला प्रतिनिधी आपल्याला नेमता येतो. तो आई-वडिलांपैकीच हवा असं नाही. किल्लीचं कायद्यात काही नाही, पण या गोष्टी लिहिताना तीही लिहून टाकावी.

पालकांना जरूर विचारा, मात्र वेगळ्या कागदावर, वेगळ्या वेळी. एकाच कागदावर विचारलंत तर अहवालात पालकांची उत्तरं ‘रुग्णांच्या गरजा’ म्हणून छापली जातील.

पोथीनिशी
‘सल्लामसलत’ राहिलं. सल्ला आणि मसलत, दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. मसलत दरबारातली, पेशवाईतल्या पत्रांत तर मोहिमेचा बेत म्हणजेही मसलत. बरोबरीची माणसं बसून जे करतात ते, म्हणून मला तो शब्द प्रिय आहे. पण आज ‘सल्ला’ एकाच दिशेने वाहतो. डॉक्टर देतो, वकील देतो, आपण घेतो. ‘मानसिक आजार असलेल्यांशी सल्लामसलत’ ऐकलं की दहांतल्या आठांना समुपदेशन वाटेल.

‘विश्वासात घेणे’ तर मुळीच नको. ठरवून झाल्यावर ज्यांना कळवायचं असतं त्यांना विश्वासात घेतात. ‘हरकती व सूचना’ आराखडा छापून झाल्यावरच्या. ‘विचारपूस’ प्रेमळ आहे, पण ती ‘बरं चाललंय ना?’च्या पुढे जात नाही, आणि ‘हो’ म्हटलं की संपते.

‘विचारून ठरवणे’ घ्या. ‘तुम्हाला विचारून ठरवायचं आहे’ हे कोणालाही कळतं, आणि बोलणाऱ्यावर बंधन येतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७मध्ये मान्य केला. त्याच्या कलम ४मध्ये निकट विचारविनिमय आणि सक्रिय सहभाग असे जडच शब्द आहेत, पण मागणी हीच आहे.

मेपलपान
‘विचारून ठरवणे’ला माझं अनुमोदन. फक्त संस्थेला विचारा, खरंच यावरून काही ठरणार आहे का. नसेल तर तो शब्द वापरू नका.

अक्षरा
विचारलं. कोणत्या भागात घरं भाड्याने घ्यायची आणि एका घरात किती जणांनी राहायचं, हे उत्तरांवरून ठरेल. भाड्यात किती मदत, ते निधीवर अवलंबून आहे. तसंच लिहितेय. सुरुवात अशी केलीय:

‘तुम्हाला राहायला घर कसं हवं, हे तुम्हाला विचारून ठरवायचं आहे. घर तुमचं असेल. मदत करायला माणूस येईल. तो कधी आणि किती वेळ यावा, तेही सांगा. भाड्यातला काही भाग संस्था देईल, किती ते अजून ठरलेलं नाही.’

आबा, पालकांचा कागद वेगळा करतोय. त्यात ‘आमच्या पश्चात’ हे शब्द तुमच्याकडून घेतलेत.

गुलबक्षी
चांगलं झालंय. ‘घर तुमचं असेल’ यावर कोणी विचारेल, ‘नावावर?’ तेव्हा ‘भाड्याचा करार तुमच्या नावाने असेल’ असं लिहा, तसा होणार असेल तर.

आणि विचारताना केंद्रातलं किंवा इस्पितळातलं कोणी खोलीत बसू नये. सिस्टर नको, अधीक्षक नको, चहा घेऊन आलेल्या मावशीही नकोत. ही सूचना पहिल्याच पानावर घाला. शेवटी एक प्रश्न वाढवा: ‘यातलं कोणतं उत्तर आम्ही कोणाला दाखवू नये असं तुम्हाला वाटतं?’ उत्तर दिल्यावरही त्या माणसाला त्याच वॉर्डात झोपायचं असतं.

अक्षरा
दोन्ही घातलं. छापायच्या आधी मसुदा तुम्ही आणि आणखी दोघा-तिघा शुभार्थींनी मोठ्याने वाचून बघावा असं वाटतं. भाषांतराचं मानधन मला मिळतंय, तसं वाचनाचं तुम्हाला मिळावं, असं संस्थेशी बोलले आहे आणि त्यांनी मान्य केलंय.

गुलबक्षी
बघते. मंगळवारनंतर पाठवा, या आठवड्यात ऑफिसात गडबड आहे.